खारव्याचा डाग

लोइसबाईंनी कागदी बशीत केकचा तुकडा घालून परीक्षितच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मिळाली! आपली ग्रँट मिळाली!" तेव्हा त्याला आनंद झाला. पुढे त्याला स्वतःलाच याचं नवल वाटत राहिलं, पण पहिल्यांदा झाला तो आनंदच. केकवर निळ्या साखरेनं काहीतरी लिहिलं होतं, त्यातलं अर्धं अक्षर त्याच्या वाट्याला आलं होतं. कोर्टाच्या त्या तळघरात फुकट राबायला येणारी सगळी मंडळी जमली होती. दोन निवृत्त शिक्षिका होत्या आणि एक म्हातारा पोस्टमन होता, जो जुन्या जन्मनोंदी चाळता चाळता बसल्या जागी घोरायचा. "हे सगळं पॅरीमुळे," लोइसबाई म्हणाल्या. इथे त्याला पॅरी म्हणत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पोस्टमननं तर पाठीवर थाप मारली, आणि परीक्षितनं लाजून पहिला घास तोंडात घातला. तोच बाई पुढचं वाक्य बोलल्या. "आता आपल्याला या कामावर पगारी माणूस ठेवता येईल." बाकीच्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. परीक्षितनं वर पाहिलं तेव्हा बाई सुरी पुसत होत्या, आणि ती सुरी आधीच स्वच्छ होती. केक भयंकर गोड होता. तो गिळायला त्याला वेळ लागला.

पगारी माणूस म्हणजे आपण नव्हे, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या पासपोर्टवर ते छापलेलंच होतं. रेणूला अमेरिकेत, कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये एका विमा कंपनीत नोकरी, तिच्या कामाच्या व्हिसावर तो आलेला, तिचा अवलंबून असलेला नवरा. मुंबईत काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं रेणूला कंपनीबद्दल, शिक्षणाबद्दल, पगाराबद्दल खोदून खोदून विचारलं होतं आणि मग मान जराशी वळवून परीक्षितला एकच प्रश्न केला होता, "आणि तुम्ही यांचे पती?" तो "येस" म्हणाला. एवढ्यावर अमेरिकेचं समाधान झालं. त्या "येस"साठी त्यानं नवा टाय घेतला होता हे आठवलं की अजूनही त्याचे कान गरम होत. बायकोच्या मागून आलेला पुरुष हा प्रकार इथल्या मराठी मंडळालाही नीट पचत नव्हता. गणपतीच्या जेवणात कुणीतरी हटकून विचारायचं, "मग तुम्ही काय करता?" तो "सध्या घरीच" म्हणाला की पुरुषमंडळी क्षणभर समोसा न्याहाळत आणि मग मॉर्टगेजच्या रेटकडे वळत. एका नागपूरच्या गृहस्थानं तर मनापासून सल्ला दिला होता, "टेस्टिंगचा कोर्स करून टाका यार. तुमच्या त्या आर्काइव्हजला इथं स्कोप नाही." स्कोप नव्हताच. पण यात दोष कुणाला द्यायचा? पुण्याच्या सरकारी दप्तरखान्यातली नोकरी सोडून "चल, जाऊ या" असं म्हणणारा तोच होता. रेणूनं उलट दोनदा विचारलं होतं, "तुला चालेल ना रे?" आता राग आलाच तर ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो मोठ्या निगुतीनं भांडी घासायचा. दुपारी अपार्टमेंटमध्ये इतकी शांतता असायची, की फ्रीजची घरघर थांबली की कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटायचं.

शेजारच्या कौंटीतल्या जुन्या कोर्टाच्या तळघरात माणसं हवी आहेत, अशी चिठ्ठी त्यानं लायब्ररीच्या फळ्यावर वाचली होती. पगार नव्हता म्हणूनच ते काम त्याला करता येत होतं. कामावर जाताना रेणू वाट वाकडी करून त्याला सोडायची आणि येताना घ्यायची, शाळेच्या पोराला सोडतात-आणतात तसं. पहिल्या दिवशी दार उघडून तो चार पायऱ्या उतरला आणि नाकात जुन्या कागदाचा वास भरला. इतक्या दूर, इतका मोठा दर्या ओलांडून, तोच वास. धूळ, खळ, थोडा कुबट ओलावा आणि चामडं. त्याला तिथल्या तिथे रडू आलं. लोइसबाईंना वाटलं, धुळीची ॲलर्जी आहे. त्यांनी लगेच तोंडाला बांधायचा मास्क आणून दिला आणि परीक्षितनं तो मुकाट्यानं बांधला, कारण त्याच्या आडून रडता येत होतं.

काम होतं जुनी टंकलिखित पानं लावून संगणकावर नोंदवायचं. ती पानं कुणी लिहिली हे बाईंनी सांगितलं तेव्हा तो हरखलाच. एकोणीसशे तिशीच्या मंदीत इथे माणसं रस्त्यावर आली होती, तेव्हा सरकारनं बेकारांना कामं काढून दिली. कुणी रस्ते केले, कुणी पूल बांधले, आणि ज्यांना लिहितावाचता, टंकलेखन करता येत होतं अशा काहींना गावोगावच्या कोर्टांच्या तळघरांत आणि माळ्यांवर पाठवलं. तिथे काय काय कागद पडलेत ते बघा, मोजा आणि लिहून काढा. म्हणजे रोजगार हमीच की ही! आपल्याकडे हमीच्या कामावर खडी फोडतात, तळी खणतात. इथे दप्तरं लावली. परीक्षितला हे इतकं आवडलं की त्या संध्याकाळी गाडीत तो रेणूला सांगतच सुटला. "उपाशी माणसाला सरकार म्हणालं, जा, कागद जप. कळतंय का तुला, कुणाच्या तरी डोक्यात हे आलं!" रेणू दिवसभराच्या मीटिंगांनी थकली होती. "भारीच रे," ती म्हणाली आणि लेन बदलली. तिचं चुकलं नव्हतं. ज्याला हे सांगायला हवं होतं ते पुण्यातले विष्णूपंत, त्याचे जुने वरिष्ठ, ते आता हयात नव्हते.

मग सांगायचं कुणाला? तर डब्ल्यू. के. ला. या कौंटीतली बहुतेक पानं एकाच माणसानं केली होती आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ही दोन अक्षरं होती. त्याच्या टाइपरायटरचा एक खिळा किंचित वर उडायचा, त्यामुळे हजारात त्याचं पान ओळखू यायचं. आणखी काही त्याच्याबद्दल ठाऊक नव्हतं आणि परीक्षितनं शोधलंही नाही. तो माणूस मजकूर मोठा झकास लिहायचा. तळघर, बॉयलरशेजारी, खालची फळी. बांधणी सुटलेली. कडा उंदरांनी खाल्लेल्या. अक्षर वाचता येतं. हे शेवटचं वाक्य तो जवळजवळ प्रत्येक नोंदीला लिही. पाण्यात भिजलेलं, वाळवी लागलेलं, जळता जळता वाचलेलं असं काहीही असो, शेवटी 'अक्षर वाचता येतं'. परीक्षितला हळूहळू तो माणूस दिसायला लागला. कोपरं झिजलेला कोट, पण टाय बांधलेला. या कामासाठी त्याला बेकारांच्या मदत कचेरीत जाऊन कुणा कारकुनासमोर आपल्याकडे काहीही नाही असं सांगावं लागलं असेल. सांगताना त्याचेही कान गरम झाले असतील. पण मग त्याला टाइपरायटर मिळाला, पगार मिळाला, पानाच्या तळाशी दोन अक्षरं मिळाली. परीक्षित दुपारचा डबा खाताना त्याच्याशी बोलायचा, मनातल्या मनात आणि मराठीत. आज पोळी वातड झालीये, असं सांगायचा. तुझं बरं होतं, असंही एकदा म्हणाला. दोघांत फरक काय तर त्या माणसाकडे काही नव्हतं म्हणून त्याला काम मिळालं, आणि परीक्षितकडे रेणू होती, घर होतं, भरलेला फ्रीज होता, म्हणून त्याला काम करायची मनाई होती.

केक संपवून मंडळी पांगली तेव्हा लोइसबाई त्याच्या टेबलाशी आल्या. त्या एकेकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि वाईट बातमी देताना अजून त्यांचा पाठीचा कणा ताठ व्हायचा. "मी कौंटीच्या वकिलाशी बोलले," त्या इंग्रजीत हळूहळू म्हणाल्या, जसं त्या नेहमीच त्याच्याशी बोलत. "पगाराची जागा झाली की तेच काम कुणाकडून फुकट करून घेता येत नाही. आणि तुझ्या व्हिसाचं आहेच. मी दोनदा विचारलं, पॅरी. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवूनही विचारलं."

"आय अंडरस्टँड," परीक्षित म्हणाला. हे वाक्य त्याला या देशात सगळ्यात चांगलं बोलता यायचं.

"शुक्रवारपर्यंत ये. आज दुपारी कोलंबसहून राज्याच्या पुराभिलेख खात्याच्या बाई येणार आहेत, तुझं काम बघायला. मला त्यांना तुझे ते लाल गठ्ठे दाखवायचेत. कुणी केले हे मी त्यांना सांगणार आहे."

लाल गठ्ठे म्हणजे त्याचे रुमाल. पुण्याच्या दप्तरखान्यात कागद खोक्यांत नसत, कापडात बांधलेले असत, आणि अशा बांधलेल्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत. कापड खारव्याचं, जाडंभरडं आणि लाल. इथे डब्ल्यू. के. ची पानं किराणा दुकानाच्या खोक्यांत कोंबलेली होती आणि चांगली खोकी ग्रँट आल्यावर घ्यायची होती. म्हणून गेल्या वर्षी पुण्याला गेला तेव्हा परीक्षितनं रविवार पेठेतून खारव्याचा तागाच उचलला. "अरे, लोक बाकरवडी आणतात," बॅग उघडल्यावर रेणू म्हणाली होती, "आणि तू हे काय आणलंस?" त्यानं चौकोन कापले, काठ दुमडून हातशिलाई घातली, आणि डब्ल्यू. के. चं पानन् पान गावांप्रमाणे लावून रुमालांत बांधलं. गाठ विष्णूपंतांनी शिकवलेली. "अशी मारायची," ते म्हणायचे, "की आपल्यामागून येणाऱ्याला एका हातानं सोडवता आली पाहिजे." फळीवर ते रुमाल ओळीनं बसले तेव्हा तळघर एकदम ओळखीचं दिसायला लागलं. लोइसबाईंनी फोटो काढले. ते ग्रँटच्या अर्जाला जोडले, आणि त्यावरच ग्रँट मिळाली असं पोस्टमनचं म्हणणं होतं. म्हणजे आपणच आपल्याला बाहेर काढलं, असा विचार आता परीक्षितच्या मनात आला आणि त्याला हसूही आलं. कुठल्या तरी जुन्या बखरीतल्या मूर्ख कारभाऱ्यासारखं आपण वागलो, असं त्याला वाटलं.

मागच्या खोलीत तो एकटाच गेला. ऑगस्टभर तिथलं हवा कोरडी ठेवणारं यंत्र बिघडलेलं होतं. ते दुरुस्त होऊन आठवडाच झाला असेल आणि आता भिंतीशी धापा टाकत होतं. त्यानं पहिल्या रुमालाला हात लावला तेव्हाच त्याला कळलं. कापड दमट होतं. गाठ एका हातानं सुटली, विष्णूपंतांच्या शब्दाप्रमाणे, आणि आतलं वरचं पान कडेनं लालभडक झालेलं होतं. डाव्या समासातून रंग आत शिरला होता, ओघळ असल्यासारखा, आणि पहिल्या ओळीपर्यंत येऊन थांबला होता. त्यानं दुसरा सोडला. तिसरा सोडला. प्रत्येकात वरचं पान, खालचं पान आणि सगळ्यांच्या कडा. पुण्यात असं कधी झालं नव्हतं. का झालं नव्हतं हे तिथे उभ्या उभ्या, यंत्राच्या धापा ऐकताना त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. तिथला खारवा त्याच्या जन्माच्याही आधीचा होता. कित्येक पावसाळे खाऊन त्याचा जाणारा रंग केव्हाच गेलेला होता. परीक्षितनं आयुष्यात नवा खारवा कधी वापरलाच नव्हता. आणला तेव्हा बादलीभर पाण्यात बुडवून बघायचं साधं सुचलं नाही. घरी नवी लाल साडी आली की त्याची आई पहिल्या धुण्याला ती वेगळी ठेवायची. पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट. आणि ज्या माणसाची पानं उंदीर, बॉयलर, गळकी छपरं यांतून सत्तर वर्षं वाचली, त्याला या तळघरात जी काय इजा झाली ती त्याच्या एकुलत्या एका मित्राकडून झाली.

तो खाली फरशीवर बसला. त्याला घरी जायचं होतं. आणि घरी म्हणजे कुठे, तेही त्याला नक्की सांगता आलं नसतं, एवढंच कळत होतं की अपार्टमेंटमध्ये नाही. मांडीवरचं पान त्यानं नकळत वाचलं. तळघर, मागची खोली. लाकडी पेटी. झाकण मोडलेलं. अक्षर वाचता येतं. खाली डब्ल्यू. के., आणि त्या के वर आता लाल झाक. परीक्षितला वाटलं, माफी मागावी. पण मराठीत की इंग्रजीत ते ठरेना.

लोइसबाई आल्या त्या दारातच थबकल्या. मग गुडघे सांभाळत त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या, आणि त्या वयाला ते सोपं नव्हतं. एकेक पान त्यांनी हातात घेऊन उजेडाकडे धरलं.

"वाचता येतंय सगळं," अखेर म्हणाल्या.

"मी नवीन कापड वापरलं. धुतलं नाही. माझी चूक आहे."

"यंत्र बिघडलं ती तुझी चूक नव्हे." त्या उठल्या, टेबलावरच्या संगणकाशी जाऊन बसल्या आणि त्या पानांची नोंद उघडली. तिथे कागदाच्या स्थितीसाठी एक रकाना होता. "त्या बाई यायच्या आत लिहून टाकू. 'कडांना लाल डाग. कारण अज्ञात.' जुना डाग आहे, आपल्या आधीचा. कुणी विचारणार नाही. तू जाताना हे तुझ्या नावावर नको." त्यांच्या आवाजात इतकी माया होती की परीक्षितला क्षणभर मान डोलवावीशी वाटली.

तो बघत राहिला. नोंदीच्या तळाशी आणखी एक रकाना होता, काम कुणी केलं याचा. तो रिकामा होता. सगळ्याच नोंदींवर रिकामा होता, कारण तिथे कर्मचाऱ्याचा क्रमांक लागायचा आणि स्वयंसेवकाला क्रमांक नसतो. हे त्याला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. त्याचं काही वाटून घ्यायचं नाही हेही त्यानं ठरवलेलं होतं. शुक्रवारनंतर कुणीतरी क्रमांकवाला येईल आणि ते रकाने भरेल. रुमाल जातील, खोकी येतील. आणि कारण अज्ञात.

"नो," परीक्षित म्हणाला.

बाईंनी वळून पाहिलं. या तळघरात त्यानं हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

"अज्ञात नाही. मी केलंय. नाव घाला माझं."

"पॅरी, हे कायमचं राहतं. पन्नास वर्षांनी कुणी उघडलं तरी दिसेल, कागद तू खराब केलेस म्हणून."

"हो," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "दिसू दे. पॅरी नका लिहू. पूर्ण नाव लिहा. मी अक्षरं सांगतो."

लोइसबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि एकेक बोटानं, त्यानं सांगितलेलं एकेक अक्षर उमटवत गेल्या. परीक्षित मोरेश्वर गद्रे. वडिलांचं नाव मध्ये घालताना त्या अडखळल्या तेव्हा त्यानं ते पुन्हा सांगितलं, न घाई करता. "पुणे लिहू का?" त्यांनी विचारलं. "लिहा," तो म्हणाला. मग त्यांच्या खांद्यावरून त्यानं सगळी ओळ वाचली. कडांना लाल डाग, कापडाच्या रंगाचे. कापड बांधणारे परीक्षित मोरेश्वर गद्रे, पुणे, स्वयंसेवक, २००४. "आणखी एक वाक्य," तो म्हणाला. त्यांनी न विचारताच ते लिहिलं. अक्षर वाचता येतं.

कोलंबसच्या बाई आल्या, भल्या होत्या. त्यांनी पानं पाहिली, ओठ आवळले, खारव्याचं कापड बोटांत धरून त्याबद्दल विचारलं. परीक्षितनं सांगितलं. गाठही मारून आणि सोडून दाखवली. सगळ्यांनी ती मारून पाहिली आणि कुणालाच नीट जमली नाही.

संध्याकाळी रेणूची गाडी कोर्टाच्या पायऱ्यांशी उभी होती. ती फोनवर कुणालातरी रिलीजची तारीख समजावत होती, हातानंच त्याला बस म्हणाली. तो बसला. गाडी हमरस्त्याला लागल्यावर तिचा फोन संपला.

"सॉरी रे. बोल, कसा गेला दिवस?"

"ग्रँट मिळाली त्यांना."

"वॉव! मग तुझ्यासाठी काय?"

शुक्रवारचं सांगायला तो तोंड उघडणार होता. "रेकॉर्डमध्ये माझं नाव घातलं," तो म्हणाला.

"खरंच? म्हणजे ऑफिशियली?"

"पूर्ण नाव. बाबांच्या नावासकट. कायमचं राहतं म्हणाल्या."

"परीक्षित! अरे, किती मस्त! घरी गेल्या गेल्या फोन लाव आईंना." ती इतकी खूश झाली की सिग्नलला थांबल्यावर तिनं त्याचा हात हातात घेतला. मग उजेडात धरून बघितला. "हे काय? बोटं लाल कशानं झाली?"

"खारव्याचा रंग गेलाय."

"जाईल ना साबणानं?"

"हातावरचा जाईल," तो म्हणाला.